पंप रुसला, पण दोष कोणाचा?

खिडकीच्या काचेवर पाण्याचा हबका मारा आणि काच न पुसता उन्हात तशीच वाळू द्या. थोड्या वेळाने पाहिलेत तर काचेवर पांढरट ठिपके उमटलेले दिसतील. पाणी विंधन विहिरीचे असेल तर ठिपके अधिकच ठळक दिसतील. पाण्याची वाफ होऊन जाते, पण त्यात विरघळलेले कॅल्शियमचे आणि मॅग्नेशियमचे क्षार जागच्या जागी राहतात. म्हणूनच काच धुतली की आपण ती कोरड्या फडक्याने किंवा जुन्या वर्तमानपत्राने पुसून काढतो.

पाण्यात क्षार नसतीलच, तर पुसण्याची गरज काय? एवढ्या साध्या विचारावर ब्रिटनमधील खिडक्या धुणाऱ्यांचा धंदा गेल्या काही दशकांत पार बदलून गेला आहे. तेथे काही आठवड्यांनी घरोघरी येऊन बाहेरून काचा धुऊन देणारा कारागीर फार पूर्वीपासून आहे. पूर्वी तो शिडी, बादली आणि फडके घेऊन येई. शिडी घसरून हातपाय मोडणे, प्रसंगी प्राणास मुकणे हे त्या धंद्याच्या पाचवीला पुजलेले होते. २००५ साली तेथे उंचीवरील कामांसंबंधी नियम झाले. जे काम जमिनीवर उभे राहून करणे शक्य आहे ते उंचावर चढून करू नये, असा त्यांचा रोख आहे. आज हा कारागीर व्हॅन घेऊन येतो. व्हॅनमध्ये क्षार काढून टाकलेल्या पाण्याची टाकी असते. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या आर.ओ. यंत्राच्याच तत्त्वावर तो पाणी गाळतो आणि उरलेसुरले क्षार आयन-विनिमय करणाऱ्या राळेतून पाणी नेऊन काढून टाकतो. लंडनच्या आसपास जमिनीखाली चुनखडीचे थर असल्यामुळे पाणी फार जड आहे, तेव्हा तिकडे हा खटाटोप जास्त. स्कॉटलंडमध्ये पाणी मऊ, तेथे पुष्कळ कमी.

टाकीतले पाणी एक छोटा विजेचा पंप शंभरएक मीटर लांबीच्या बारीक नळीतून ढकलतो. नळी एका लांब, हलक्या, पोकळ काठीतून वर जाते. काठीच्या टोकाला ब्रश असतो आणि त्यात पाण्याची तोटी. कारागीर जमिनीवर उभा राहून दुसऱ्या मजल्याची काच घासतो, धुतो आणि पुढच्या घराकडे वळतो. काच आपोआप वाळते, ठिपका राहत नाही.

हे सारे त्या छोट्या पंपावर अवलंबून आहे, आणि पंप अवलंबून आहे बॅटरीवर. पंप रुसला की त्या दिवसाचे काम बुडाले, कारण ह्या कारागिराला पैसे मिळतात ते घरामागे. अशा वेळी माणूस घाईने काय करतो? पंप चालेना म्हणून पंप बदलतो. पुष्कळदा तेथेच चूक होते. ती कशी, हे आपण पाहू या. तुम्ही म्हणाल, ब्रिटनमधल्या व्हॅनशी आमचा काय संबंध? पण हाच पंप तुमच्या ओळखीच्या ठिकाणीही आहे. ते ओघाने येईलच.

पंपाच्या पोटात

प्रथम पंप नीट समजून घेऊ. तो १२ व्होल्टवर चालणारा पडद्याचा पंप असतो. मोटरच्या आसाला एक तिरकी चकती जोडलेली असते. आस फिरला की चकती डोलते आणि तिच्यावर बसवलेला रबरासारखा लवचिक पडदा आळीपाळीने आत-बाहेर होतो. पडदा मागे सरकला की पोकळी वाढते, आतला दाब कमी होतो आणि आत येणारी झडप उघडून पाणी शिरते. पडदा पुढे आला की ती झडप मिटते, बाहेर जाणारी झडप उघडते आणि पाणी नळीत ढकलले जाते. आपल्या हृदयाच्या कप्प्यांचे काम डोळ्यांसमोर आणा. झडपा आणि आकुंचन-प्रसरण तेच.

पंपाच्या डोक्यावर आणखी एक छोटी पण महत्त्वाची वस्तू असते. ती म्हणजे दाबावर चालणारा स्विच. नळीच्या टोकाची तोटी बंद केली की पाण्याला वाट राहत नाही, दाब वाढत जातो आणि ठरावीक दाबाला हा स्विच मोटर बंद करतो. तोटी उघडली, दाब उतरला की मोटर पुन्हा सुरू होते. 

दाबाचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. पाणी १० मीटर उंच चढवायला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम दाब लागतो. दुसऱ्या मजल्याची खिडकी ५-६ मीटरवर धरली तर निम्म्याहून थोडा अधिक दाब पुरे. ह्या पंपांचे स्विच साधारण ४ ते ७ किलोग्रॅम दाबाला मोटर तोडतात. मग बाकीचा दाब कशाला हवा? तो खर्च होतो नळीतील घर्षणात. नळीचा आतला व्यास ८ मिलिमीटरवरून ६ मिलिमीटर केला तर तेवढ्याच प्रवाहाला घर्षणाने होणारी दाबाची हानी जवळजवळ चौपट होते. पंपाचे खरे झगडणे असते ते उंचीशी नव्हे, नळीशी.

शुक्रवारी बंद पडणारा पंप

आता एक कोडे सोडवू. एका कारागिराचा पंप सोमवारी झकास चालतो. मंगळवार, बुधवारही ठीक. गुरुवारी दुपारी त्याचा आवाज जरा खोल गेल्यासारखा वाटतो आणि शुक्रवारी दुपारी जेवणाच्या सुमारास तो बंदच पडतो. कारागीर शनिवारी नवा पंप आणून बसवतो. सोमवारी पाणी जोरात येते. 'पंपच गेला होता,' अशी त्याची खात्री पटते. आणि पुढच्या शुक्रवारी नवा पंपही तसाच बंद पडतो! 

पंपाला वार कळत नाहीत. मग वार कळतो तो कोणाला? ह्याचे उत्तर आपल्याला साध्या जमाखर्चातून मिळेल.

पंपासाठी व्हॅनमध्ये वेगळी बॅटरी ठेवलेली असते. इंजिन सुरू करणारी बॅटरी ह्या कामाला चालत नाही. तिच्यातील पट्ट्या पातळ आणि पुष्कळ असतात, कारण तिला क्षणभर शेकडो अँपिअर द्यायचे असतात. तासन् तास थोडा थोडा प्रवाह देत बराच रिकामेपणा सोसायचा असेल तर जाड पट्ट्यांची बॅटरी लागते. समजा, आपल्या कारागिराची बॅटरी ८५ अँपिअर-तासांची आहे. पण ती जुनी झाली असून तिच्यात आता ६० अँपिअर-तासच मावतात. पंप सरासरी ४ अँपिअर घेतो आणि दिवसातून ५ तास चालतो. रोजचा खर्च झाला ४ × ५ = २० अँपिअर-तास. व्हॅन एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत धावते तेव्हा इंजिनावरचे जनित्र बॅटरी भरते. ही धाव जवळजवळची, म्हणून दिवसभरात जमा फक्त ८ अँपिअर-तास. म्हणजे रोज १२ अँपिअर-तासांची तूट. 

सोमवारी सकाळी ६० होते, संध्याकाळी ४८ उरले. मंगळवारी ३६, बुधवारी २४, गुरुवारी १२. शुक्रवारी सकाळी हातात १२ अँपिअर-तास आणि दिवसाची गरज २० ची. ४ अँपिअरने १२ अँपिअर-तास संपायला ३ तास लागतात. शुक्रवारची दुपार का, हे आता स्पष्ट झाले. शनिवार-रविवारी व्हॅन घरी उभी असते, बॅटरी घरच्या विजेवर पूर्ण भरली जाते आणि सोमवारी सारे पुन्हा आलबेल. नवा पंप त्याच शनिवारी बसवला म्हणून यशाचे श्रेय पंपाला मिळाले, एवढेच.

आणखी एक गंमत आहे. अलीकडच्या काही व्हॅनमध्ये इंधन वाचवण्यासाठी जनित्राचा विद्युतदाब संगणक कमीजास्त करतो. जुन्या पद्धतीचा रिले दोन बॅटऱ्या जोडण्यासाठी विशिष्ट दाबाची वाट पाहत बसतो आणि तो दाब पुष्कळदा येतच नाही. मग जमेच्या बाजूला ८ सुद्धा पडत नाहीत. जुनी व्हॅन विकून नवी घेतली आणि तेव्हापासून बॅटरी टिकेना, अशी तक्रार त्यामुळे ऐकू येते. अशा व्हॅनमध्ये एका बॅटरीवरून दुसरी भरणारे वेगळे उपकरण बसवावे लागते.

निजलेली बॅटरी खरे सांगत नाही

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "बॅटरीचे व्होल्ट मोजले की झाले!" मोजावेत, पण कसे मोजले त्यावर सारे अवलंबून आहे. काही तास विश्रांती घेतलेली, पूर्ण भरलेली शिसे-आम्ल बॅटरी सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते. अर्धी रिकामी झालेली १२.२ च्या आसपास, आणि १२ च्या खाली गेली तर ती जवळजवळ संपली असे समजावे. भरलेली आणि रिकामी ह्यांत फरक पाहा, एका व्होल्टहून कमी! चार्जर काढल्याबरोबर मोजले तर हाच आकडा १३ च्याही वर दिसतो आणि माणूस फसतो.

त्याहून मोठी फसगत निराळीच आहे. प्रत्येक बॅटरीला स्वतःचा अंतर्गत रोध असतो. प्रवाह वाहत नसताना ह्या रोधाचे अस्तित्व कळत नाही. जॉर्ज ओहमने १८२७ साली प्रसिद्ध केलेला नियम तुम्ही शिकला आहात: दाबातील घट = प्रवाह × रोध. प्रवाह शून्य असेल तर रोध कितीही असो, घट शून्यच! म्हातारी बॅटरी स्वस्थ पडलेली असताना १२.६ व्होल्ट दाखवील. पंप सुरू करा. तिचा अंतर्गत रोध अर्धा ओहम झाला असेल आणि पंप ५ अँपिअर घेत असेल, तर ५ × ०.५ = २.५ व्होल्ट तिच्या पोटातच खर्ची पडतील आणि बाहेर येतील जेमतेम १०. अशा पंपाच्या मोटरचा वेग साधारणपणे तिला मिळणाऱ्या दाबाच्या प्रमाणात असतो. तेव्हा पंप मंदावतो, आवाज खोल जातो, ब्रशापर्यंत पाणी रडतखडत पोहोचते.

म्हणून बॅटरीचे व्होल्ट दोनदा मोजावेत, एकदा ती विश्रांती घेत असताना आणि एकदा पंप चालू असताना. दोन्ही आकड्यांत अर्ध्या व्होल्टचाच फरक असेल तर बॅटरी कामाची आहे. दोन-अडीच व्होल्ट खाली आले तर पंपाला बोल लावू नये.

आणि बॅटरी चालू कामातही १२.२ व्होल्ट दाखवत असूनही पंप मंद असेल तर? तर व्होल्टमीटरच्या सुया बॅटरीवरून काढून पंपाच्या तारांवर लावाव्यात. समजा, तेथे १०.६ व्होल्टच मिळाले. १.६ व्होल्ट वाटेत कोणी खाल्ले? पंप ६ अँपिअर घेत असेल तर वाटेत १.६ ÷ ६, म्हणजे सुमारे ०.२७ ओहम रोध आहे. हा चोर बहुधा एखाद्या सांध्यात लपलेला असतो. व्हॅनमध्ये पाणी सांडते, ओल कायमची. तांब्याच्या तारेवर हिरवट थर चढतो, बॅटरीच्या टोकावर पांढरा भुगा जमतो, फ्यूजच्या घरातील पितळी पट्टी काळवंडते. त्या सांध्यात १.६ × ६, म्हणजे जवळजवळ १० वॅट उष्णता तयार होते. दहा वॅटचा दिवा हाताला किती गरम लागतो ते आठवा. ही उष्णता एका नखाएवढ्या जागेत साठते. पंप दहा मिनिटे चालवून बंद केला आणि एकेका सांध्याला अलगद बोट लावले, तर पुष्कळदा मीटर न लावताच चोर सापडतो. प्लॅस्टिकचे घर वितळलेले दिसले तर शोधायचीही गरज नाही.

मीटरने नेमका शोध घ्यायचा तर एक सुई सांध्याच्या अलीकडे आणि दुसरी पलीकडे टेकवावी, पंप चालू ठेवावा. चांगल्या सांध्यावर आकडा शून्याच्या आसपास राहील. एखाद्या सांध्यावर अर्धा-एक व्होल्ट दिसला की तोच तो. हीच चाचणी पंप बंद ठेवून केली तर सगळे सांधे साव ठरतील, कारण प्रवाहच नाही! पुष्कळजण तारा सुट्या करून, पंप बंद ठेवून तपासतात आणि 'सगळे बरोबर आहे' म्हणतात, ते ह्यामुळे.

तार बारीक असली तरी असाच परिणाम होतो. १.५ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार बॅटरीपासून पंपापर्यंत ४ मीटर गेली असेल, तर जाऊन-येऊन ८ मीटर तारेचा रोध सुमारे ०.०९ ओहम होतो आणि ६ अँपिअरला अर्ध्याहून अधिक व्होल्ट वाया जातो. ४ चौरस मिलिमीटरची तार घातली तर हानी ०.२ व्होल्टवर येते. घरातील २३० व्होल्टच्या तारेत अर्धा व्होल्ट कोणी विचारत नाही. बारामध्ये मात्र अर्धा पुष्कळ झाला.

आवाज ऐकावा, प्रवाह मोजावा

विजेकडून सारे ठीक असेल तरच पाण्याकडे वळावे. येथे अँमीटर डॉक्टरच्या नळीसारखा उपयोगी पडतो. पाण्याचा विरोध वाढला की मोटरला जोर करावा लागतो आणि ती जास्त प्रवाह घेते. उलट पंपाला पाणीच मिळत नसेल तर मोटर हलकी होऊन भरभर फिरते, आवाज उंच आणि कोरडा येतो, प्रवाह कमी दिसतो. 

पंप भरभर फिरतो पण पाणी नाही, असे झाले तर संशय टाकी ते पंप ह्या बाजूवर घ्यावा. पाणी गाळणारी जाळी केराने भरलेली असते किंवा नळीच्या जोडातून हवा शिरत असते. ह्या बाजूला दाब वातावरणापेक्षा कमी असतो, म्हणून जोड सैल असला तरी पाणी बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. कोरडा ठणठणीत दिसणारा जोड येथे गुन्हेगार असू शकतो. पाणी ठिबकते ते पंपाच्या पुढच्या बाजूला. एखादा वाळूचा कण झडपेत अडकला तरी ती पुरती मिटत नाही आणि पाणी पुढे जाते तेवढे मागे येते. पंपाच्या डोक्याखालून पाणी गळू लागले तर पडदा फाटला असण्याचा संभव फार. तेथे मात्र दुरुस्ती टाळू नये, नाही तर पाणी मोटरमध्ये उतरते.

तोटी बंद केली तरी पंप थांबतच नाही, ही आणखी एक नेहमीची तक्रार. पुढे कोठे गळती असेल किंवा झडप गळत असेल तर दाब स्विचच्या मर्यादेपर्यंत चढत नाही. पण अशक्त बॅटरीमुळेही हेच होते! मोटरमध्ये तेवढा दाब निर्माण करण्याची ताकदच नसते, म्हणून ती कण्हत फिरत राहते. एकच लक्षण, कारणे तीन. म्हणून तर मी विजेची बाजू आधी पाहायला सांगितली.

पंप टक्-टक्-टक् असा अडखळत चालू-बंद होत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. पंप मिनिटाला पाचएक लिटर पाणी देऊ शकतो, ब्रशाची तोटी घेते एक-दीड लिटर. दाब चटकन चढतो, स्विच तोडतो. दाब उतरतो, स्विच जोडतो. ह्या झटक्यांनी स्विचचे संपर्क जळतात. म्हणून पुष्कळ व्हॅनमध्ये पंपाचा वेग कमी-जास्त करणारा नियंत्रक बसवतात. तो मोटरला सेकंदातून अनेक वेळा वीज देतो आणि तोडतो. वीज देण्याचा काळ कमी केला की वेग कमी होतो. 

हा नियंत्रक हुशार असतो, पण त्याला डोळे नाहीत. तोटी बंद झाल्याचे तो प्रवाहाच्या वाढीवरून ओळखतो आणि पंप थांबवतो. आता हिवाळ्याची सकाळ घ्या. पाण्याचा दाटपणा, शास्त्रीय भाषेत विष्यंदिता, २० अंश सेल्सिअसला असते त्याच्या सुमारे पावणेदोन पट ० अंशाला होते. नळीही ताठ होते. मोटरला जोर जास्त लागतो, प्रवाह वाढतो आणि नियंत्रक समजतो की तोटी बंद केली! तो पंप थांबवून मोकळा होतो. उन्हाळ्यात जुळवलेली मर्यादा हिवाळ्यात जरा वाढवावी लागते. ती न वाढवता पंपाला दोष देणारे दर हिवाळ्यात निघतात. तसेच, पंप चालू असताना दाब साधारण साडेदहा व्होल्टखाली गेला तर 'बॅटरी संपली' असा इशारा देऊन नियंत्रक थांबतो. पण तो मोजतो स्वतःपाशी पोहोचलेला दाब. वाटेतील गंजका सांधा त्याला रिकामी बॅटरीच वाटते.

मामांचा फवारणी पंप

सुरुवातीला म्हटले होते की हा पंप तुमच्या ओळखीचा आहे. घरातील आर.ओ. यंत्रात पाण्याचा दाब वाढवणारा छोटा पंप असतो, तो ह्याच जातीचा, बहुधा २४ व्होल्टचा. आणि आपल्या शेतकऱ्यांच्या पाठीवरचा बॅटरीचा फवारणी पंप तर ह्याचा सख्खा भाऊ. तीच १२ व्होल्टची मोटर, तोच पडदा, तोच दाबाचा स्विच. बॅटरी मात्र छोटी, पुष्कळदा ८ अँपिअर-तासांची.

नारायणगावाकडे माझ्या मामांचा टोमॅटोचा मळा आहे. एकदा ऐन फवारणीच्या दिवसांत त्यांचा पंप दोन टाक्या झाल्या की मान टाकू लागला. पानांवर करपा दिसत होता, थांबायला वेळ नव्हता.

"अरे, मोटर गेली. तालुक्याला जाऊन नवी आणतो," मामा म्हणाले.

"मामा, चार्जरवर बॅटरी किती वेळ ठेवता तुम्ही?"

"तिचं काही विचारू नको. बॅटरी एक नंबर आहे. पूर्वी रात्रभर लावावी लागायची, आता अर्ध्या तासात हिरवा दिवा लागतो!"

मला तेथेच उत्तर मिळाले. आठ अँपिअर-तासांची रिकामी बॅटरी अर्ध्या तासात भरायची तर चार्जरने तिला १६ अँपिअर द्यायला हवेत, आणि तो छोटा चार्जर दीड-दोन अँपिअरच्या वर देत नव्हता. हिरवा दिवा लवकर लागत होता तो बॅटरीत फारसे मावतच नव्हते म्हणून. लहान भांडे लवकर भरते. मीटर लावला. स्वस्थ असताना १२.६ व्होल्ट, पंप चालू करताच ९ च्या खाली. मोटर निर्दोष होती. नवी बॅटरी आणली आणि संध्याकाळपर्यंत फवारणी पुरी झाली. मागून चौकशी करता कळले की मागचा हंगाम संपल्यावर पंप तसाच, बॅटरी न भरता, सहा महिने पडवीत टांगून ठेवला होता.

ह्या सहा महिन्यांत बॅटरीत काय झाले? फ्रान्सच्या गास्तों प्लान्तेने १८५९ साली बनवलेल्या ह्या बॅटरीत एक पट्टी शिशाची, दुसरी लेड डायऑक्साइडची आणि मध्ये सौम्य सल्फ्यूरिक आम्ल असते. वीज देताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते आणि आम्ल पातळ होत जाते. भरताना उलट क्रिया होते. रिकामेपणी तयार झालेले सल्फेट बारीक कणांचे असते, तोवर ते सहज परत फिरते. पण बॅटरी रिकामी तशीच ठेवली तर कणांचे मोठे, टणक स्फटिक बनतात. ते विजेचे वाहक नाहीत आणि चार्जरला दाद देत नाहीत. पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. व्हॅनमधील कारागिराची बॅटरी आठवडाभर अर्धपोटी राहते तेव्हाही हेच सावकाश घडते. ८५ चे ६० झाले ते असे. म्हणून तिला रोज रात्री घरच्या विजेवर भरणे हाच त्याच्या कोड्याचा स्वस्त उपाय.

ही तपासणी करताना काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. भरताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले की ठिणगी पुरे. बंद व्हॅनमध्ये किंवा कोंदट खोलीत बॅटरी भरू नये, तिच्याजवळ काडी ओढू नये. हातातले कडे, अंगठी काढून ठेवावी, कारण पान्याने दोन टोके जोडली गेली तर शेकडो अँपिअर वाहतात आणि धातू लालबुंद होतो. व्हॅनचा सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो, म्हणून सोडवताना आधी ऋण टोक सोडवावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे. आणि फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याच्या जागी तारेचा तुकडा गुंडाळण्याची आपल्याकडील सवय तर सोडूनच द्यावी. फ्यूज गेला तर मोटर अडकलेली आहे किंवा तार कोठे तरी घासून उघडी पडली आहे. जाड तार गुंडाळली की उरलेली तारच फ्यूज बनते, आणि ती पेटते.

वर्गात करून पाहा

मोठ्या बॅटरीशी न खेळता हे सारे प्रयोगशाळेत पडताळता येते. विजेरीचा एक नवा सेल आणि एक वापरून टाकलेला, पण गळका नसलेला सेल घ्या. १.५ व्होल्टचा छोटा दिवा आणि व्होल्टमीटर जवळ ठेवा. प्रथम दिवा न जोडता दोन्ही सेल मोजा. नवा १.५ च्या किंचित वर, जुना १.३-१.४ दाखवील, फरक फार वाटणार नाही. आता दिवा जोडून, तो लागलेला असतानाच पुन्हा मोजा. नव्याचा आकडा थोडाच हलेल, जुन्याचा धाडकन खाली येईल. 

दुसऱ्या भागात नवा सेल ठेवा आणि दिव्याच्या वाटेत एक गंजलेला खिळा घाला. तारा खिळ्याला नुसत्या टेकवून ठेवा. दिवा मंद होईल किंवा लुकलुकेल. व्होल्टमीटर आधी सेलवर, मग दिव्यावर, मग खिळ्यावर लावून तिन्ही आकडे वहीत लिहा. दिव्यावरचा आणि खिळ्यावरचा आकडा मिळवला की सेलचा आकडा जवळजवळ पुरा होतो का, ते पाहा. नसेल, तर राहिलेली तूट तुमच्या जोडतारांत आणि त्यांच्या टोकांवर आहे. एकेक सांधा मोजत जा. नंतर खिळा काचकागदाने चकचकीत घासून, तारा घट्ट पिळून बांधा आणि तेच आकडे पुन्हा घ्या. शिक्षकांनी एका गटाला खिळा कोठे आहे हे न सांगता, विद्युतमंडल कापडाखाली झाकून, फक्त मोजमापाची टोके बाहेर ठेवून द्यावे आणि दोष शोधायला सांगावे. दिवा बदलण्याची सूचना सर्वांत आधी कोण करतो, तेही पाहून ठेवावे.